विद्याधन कोणाचे?

प्रौढ माणसाने, त्यातही ज्याच्यावर मुलाबाळांचा भार आहे अशा माणसाने, धंदा पालटण्यासाठी पुन्हा विद्यार्थी व्हावे काय? हा प्रश्न वरवर पाहता नीतीचा वाटत नाही. हौसेचा वाटतो, फार तर हिशेबाचा वाटतो. मलाही तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या वर्षी तो माझ्या घरात ज्या रीतीने शिरला आणि शिरल्यावर त्याने आपले रूप जसे पालटले, ते सांगितल्यावाचून त्याचा विचार मला करता येणार नाही. तेव्हा वाचकांनी थोडा घरगुती तपशील सोसावा.

नोकरीच्या फेऱ्यात नागपूर, कांडला, विशाखापट्टण असा प्रवास करून आम्ही तीन वर्षांपूर्वी देवनहळ्ळीस येऊन पडलो. बंगळुराच्या उत्तरेचा हा तालुक्याचा गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान. दगडी तटाचा किल्ला अजून उभा आहे, आत वेणुगोपालस्वामींचे देऊळ आहे, आणि आपण ज्यास पपनस म्हणतो त्या फळाची येथली नामांकित जात, चक्कोता, हंगामात बाजारात दिसते. २००८ साली येथे विमानतळ सुरू झाला आणि गावाचे दैव पालटले. जमिनीचे मोल चढले की ती मूळ मालकाच्या हाती राहणे कठीण होते. तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीच्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन उद्योगांसाठी घेण्याचे सरकारने योजिले, तेव्हा तेथले शेतकरी एप्रिल २०२२ मध्ये धरणे धरून बसले आणि तीन वर्षांहून अधिक काळ उठले नाहीत. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे भूसंपादन सोडून दिल्याचे जाहीर केले.

त्या तेरा गावांतला नव्हे, पण त्याच तालुक्यातला एक वृद्ध शेतकरी एकदा बसस्थानकाजवळच्या हॉटेलात माझ्यासमोर येऊन बसला. माझ्या अंगावर गणवेश होता; तेवढ्यावर त्याने मला शहाणा ठरविले आणि पिशवीतून एक इंग्रजी नोटीस काढून पुढे केली. कोठल्याशा कार्यालयाची, जमिनीच्या नोंदीसंबंधीची. मी ती वाचली. "इदक्के उत्तर कोडबेका?" त्याने विचारले. ह्याला उत्तर द्यायचे का?

गेली तेवीस वर्षे मी नोटिसा लिहीत आलो आहे. त्यांतले प्रत्येक कलम, प्रत्येक 'सबब', प्रत्येक 'कसूर केल्यास' माझ्या हाताच्या वळणातले आहे. नोटिशीचा अर्थ मी त्याला मोडक्या कानडीत सांगू शकलो. पण तिचे काय करावे, हे मला सांगता येईना. ते सांगणे माझे काम नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते ठाऊकही नव्हते. नोटीस लिहिणारास ती मिळाल्यावर माणसाने काय करावे हे कधी शिकवीत नाहीत. त्याने कागद चौघडी करून परत पिशवीत ठेवला, चहाचे पैसे दिले, माझेही दिले, आणि गेला.

त्या रात्री मी घरी जाहीर केले, की मी कायद्याचा अभ्यास करणार. माझे वय सेहेचाळीस. मुलगी अकरावीत. ती हसून म्हणाली, "बाबा, म्हणजे आपण दोघं पाठोपाठ कॉलेजात!" पत्नी काही बोलली नाही. तिचे न बोलणे मी संमती म्हणून नोंदवून घेतले. सरकारी नोकरीत मुदतीत हरकत न आल्यास ती नाही असे धरण्याची सवय लागते.

वयाची अडचण नव्हती. पंचेचाळिशी उलटलेल्यांस वकिलीची सनद नाकारणारा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला. पुढे २०१६ साली तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास तिशीची मर्यादा पुन्हा घालण्यात आली, तीही २०१७ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने स्थगित केली. बंगळुराच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने तर २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालू केला आहे. हुबळीच्या राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये वेगळीच. अडचण निघाली ती दुसरीकडे. कायद्याचा अभ्यास दिवसा, वर्गात बसून, प्रत्येक विषयास सत्तर टक्के हजेरी देऊन करावयाचा असतो. पत्राद्वारे तो होत नाही. आणि पदवी मिळाली तरी पगारी नोकरास सनद मिळत नाही. मुंबईच्या डॉ. चुलानी ह्या शल्यविशारदाने कायद्याची पदवी घेतली आणि वैद्यकी न सोडता वकिली करू द्यावी अशी मागणी केली. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार योग्य ठरविला. वकिली ही अर्ध्या माणसाने करण्याची गोष्ट नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. मला तो पटतो. ज्याचे घर-शेत पणाला लागले आहे, त्याला आपला वकील दुसरीकडे शस्त्रक्रियेच्या मेजाशी उभा आहे हे कसे चालावे?

पण ह्याचा अर्थ असा झाला, की मला एक पाय नोकरीत ठेवून दुसरा टाकता येणार नव्हता. वीस वर्षे सेवा झालेल्यास तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. निवृत्तिवेतनावर घर चालेल. मुलीचे शिक्षण मात्र त्यात बसत नाही. अभ्यासाची तीन वर्षे, आणि नवशिक्या वकिलाची पुढची निदान दोन-तीन, एवढा काळ घराने मला पोसावे लागणार होते. बँकेत मुलीच्या नावाने नव्हे, पण मुलीच्या उद्देशाने साठविलेली रक्कम होती. मी त्या रकमेकडे पाहू लागलो, आणि येथे हौस संपून नीतीचा प्रश्न सुरू झाला.

कायद्याच्या पुस्तकांशी माझी ओळख व्हावी म्हणून मी हिंदू कायद्याचा एक जुना ग्रंथ आणला होता. त्यात मला माझाच प्रश्न, उलट्या बाजूने मांडलेला, सापडला. मिताक्षरा ह्या टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर आपल्या ह्याच कर्नाटकातला. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ती लिहिली. मिताक्षरेच्या मते पुत्रास वडिलार्जित संपत्तीत जन्मतःच हक्क उत्पन्न होतो. बाप मरण्याची वाट पाहावी लागत नाही. पाळण्यातले पोरही भागीदार असते. मग माणसाने विद्येच्या बळावर मिळविलेले धन कोणाचे? ते त्याचे एकट्याचे. मात्र पितृद्रव्यास धक्का न लावता मिळविले असेल तरच. कुटुंबाच्या पैशावर विशेष विद्या शिकून मिळविले असेल, तर त्यात सर्वांचा वाटा.

हा केवळ शास्त्रार्थ नव्हता. सन १९२१ मध्ये गोकलचंद यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने एका आय. सी. एस. अधिकाऱ्याची मिळकत एकत्र कुटुंबाची ठरविली, कारण त्याला त्या पदास नेणारे विलायतेतील शिक्षण कुटुंबाच्या पैशातून झाले होते. आपणां अधिकारी मंडळींस हा निकाल वाचून कापरे भरावे. मासिक वेतनाच्या प्रत्येक रुपयावर भावाभावांनी हात ठेवावा, अशी स्थिती आली. अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले आणि १९३० साली हिंदू विद्याधनाचा कायदा झाला. शिकविणारा कुटुंबातला असो, खर्च कुटुंबाचा असो, विद्या संपादन करीत असता तो स्वतः अथवा त्याचे बायकापोरे एकत्र निधीतून पोसली गेलेली असोत; तेवढ्यावरून विद्याधन समाईक ठरणार नाही, ते शिकणाराचे स्वतंत्र.

ह्या शेवटच्या कलमापाशी मी थबकलो. कायदा करणारांच्या डोळ्यांपुढे संसारी विद्यार्थी होता! शिकणारा म्हणजे सोळा वर्षांचा ब्रह्मचारी, अशी आपली समजूत आश्रमव्यवस्थेने करून दिली आहे. पण व्यवहारात तेव्हाही बापे माणसे शिकत होती, आणि त्यांची मुले दुसऱ्या कोणाच्या तरी अन्नावर वाढत होती.

जयकरांनी केले ते योग्यच केले. जुना नियम राहता तर शिकलेला प्रत्येक मनुष्य आयुष्यभर आपल्या शिक्षणाचा गहाणदार राहिला असता. परंतु कायद्याने एक केले आणि आपण दुसरेच समजून बसलो. कायद्याने वसुली बंद केली. ऋण फेडले असे तो कोठेच म्हणत नाही. जुन्या शास्त्रकारांना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती, की विद्या एकट्याच्या डोक्यात राहत असली तरी ती एकट्याच्या पोटावर मिळत नाही. त्यांनी त्यातून काढलेला हिशेब जाचक होता. त्यांची नजर मात्र चुकली नव्हती.

महाराष्ट्रात ह्या ऋणाचे सर्वांत मोठे उदाहरण कोणते, हे वाचकांस सांगावयास नको. १९२० च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाची नोकरी सोडली आणि अर्धवट राहिलेले अर्थशास्त्र व बॅरिस्टरी पुरी करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. ग्रेज इनमधून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये परतले. त्या तीन वर्षांत मुंबईत रमाबाई होत्या आणि सात-आठ वर्षांचा यशवंत होता. लंडनमधला अर्धपोटी विद्यार्थी आपल्या चरित्रकारांनी पुष्कळ रंगविला आहे. परळच्या चाळीतली उपासमार त्या मानाने थोडक्यात आटोपते. पण पत्नीने शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, हे पुढे 'बहिष्कृत भारता'त सांगितले ते खुद्द बाबासाहेबांनीच. आणि १९४० साली पाकिस्तानावरचा आपला ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो, पाच वर्षांपूर्वी वारलेल्या रमाबाईंच्या स्मृतीस.

त्या बॅरिस्टरीचे फळ साऱ्या देशास मिळाले, तेव्हा ते सोसणे सार्थकी लागले, असा युक्तिवाद सहज सुचतो. मला तो अपुरा वाटतो, आणि सामान्य माणसाने तर तो मुळीच वापरू नये. एक तर आपल्यापैकी कोणाच्या पदवीतून राज्यघटना निघणार नाही. दुसरे असे, की फळ मोठे निघाले म्हणून किंमत देणाराची संमती आपोआप सिद्ध होत नाही. बाबासाहेबांची थोरवी ह्या बाबतीत मला दिसते ती त्यांनी ऋण नाकारले नाही ह्यात. त्यांनी ते छापून टाकले. बहुतेक कर्तबगार पुरुष ते घरातच ठेवतात.

हे सारे मी एका रविवारी जेवताना मोठ्या उत्साहाने घरी सांगत होतो. ओघात याज्ञवल्क्यावर आलो. परंपरेने स्मृतीही ज्याच्या नावावर घातली तो हा ऋषी, बृहदारण्यकात, गृहस्थाश्रम सोडून जाण्यापूर्वी आपल्या दोन पत्नींमध्ये वाटणी करून देऊ पाहतो. जीवनक्रम पालटणाऱ्या गृहस्थाने आधी घरच्यांचा हिशेब चुकता करावा, ह्याचे हे किती सुंदर उदाहरण, असे मी म्हणालो. मैत्रेयी धन नाकारते, अमृतत्वाचे ज्ञान मागते, आणि मग तो महान संवाद.

"आणि कात्यायनी?" पत्नीने विचारले.

"तिचं काय?"

"ती काय म्हणाली?"

कात्यायनी काय म्हणाली हे उपनिषदाने नोंदविलेले नाही. तिची बुद्धी सर्वसाधारण बायकांइतकीच होती, एवढे सांगून ते पुढे गेले आहे. वाटणीचा प्रस्ताव तिला कळविला गेला की नाही, हेही त्यातून समजत नाही.

"म्हणजे तिची हरकत मुदतीत आली नाही," पत्नी म्हणाली, आणि भाताचे पातेले पुढे सरकविले.

मला माझीच भाषा ऐकू आली. मग ती हळूहळू बोलू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला अधिक लागले. लग्न झाले तेव्हा ती बी. एड. झालेली, सांगलीच्या एका शाळेत शिक्षिका होती. माझ्या नेमणुकीसाठी तिने ती शाळा सोडली. नागपुरास दुसरी धरली. कांडल्याची बदली आली तेव्हा तीही सोडली. विशाखापट्टणास तेलुगू येत नाही म्हणून प्रयत्नच केला नाही. माझ्या तेवीस वर्षांच्या सेवेत तिची दोन राजीनामापत्रे चिकटलेली होती, आणि ती माझ्या सेवापुस्तकात कोठेही नाहीत. आता मी म्हणत होतो, की मला माझे आयुष्य नव्याने मांडावयाचे आहे. मुलीस काय द्यावे लागेल ह्याचा मी महिनाभर कीस पाडला होता. जिने आधीच दिले होते तिचे खातेच मी उघडले नव्हते.

"सत्तर टक्के हजेरी तुमच्याच्यानं व्हायची नाही नोकरी सोडल्याशिवाय," ती म्हणाली. "माझी होईल. मी सोडायचं ते सगळं आधीच सोडलेलं आहे."

मी हसलो, मग ती थट्टा करीत नाही हे लक्षात आले. तिने माहितीपत्रक माझ्याआधी वाचले होते. पदवीस किती टक्के लागतात, प्रवेश कधी, शुल्क किती, सारे तिला ठाऊक होते. न्यायालयाची कानडी हा प्रश्न मी पुढे केला. येथल्या खालच्या न्यायालयांचा कारभार कानडीत चालतो. ती उत्तर देण्याऐवजी खिडकीतून समोरच्या मंजुळाम्मांशी दोन मिनिटे बोलली. मला त्यातले निम्मे समजले. तीन वर्षे बाजार, दूध, शाळा, दवाखाना हे सारे तिने कानडीतून केले आहे. मी कार्यालयात हिंदी-इंग्रजीवर निभावतो.

ह्यानंतर माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, तो प्रामाणिकपणे लिहितो. तो न्यायाचा नव्हता, पैशांचा नव्हता, मुलीचाही नव्हता. रात्रपाळीहून सकाळी आठला घरी आल्यावर चहा कोण करील, हा होता. ऋण, संमती, मिताक्षरा ह्यांवर महिनाभर चिंतन केलेल्या माणसाच्या डोक्यात इतक्या खालून इतक्या वेगाने चहा वर यावा, ह्याची मला लाज वाटली. पण तो आला खरा. मी शिकणार होतो तेव्हा घराने मला पोसणे हे मला विनंती करण्याजोगे वाटले होते. ती शिकणार म्हणताच तेच मला गैरसोय वाटले.

तिच्यासारख्या बाईने ह्या वयात वकील होऊन काय करावे, असे कोणी विचारील. फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस ह्यांचे उदाहरण पत्नीनेच मला सांगितले. मंगळुरात वाढलेल्या, तीन मुलांची आई असलेल्या ह्या बाई मारझोडीच्या संसारातून बाहेर पडल्या, आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९८८ साली, कायद्याची पदवी घेऊन मुंबईच्या उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. पुढे 'मजलिस' ही बायकांना कायद्याचे साह्य देणारी संस्था त्यांनी उभी केली. त्यांच्यापाशी सोसण्याचा जो अनुभव होता तो माझ्या घरी, सुदैवाने, नाही. पण नोटिशीच्या खालच्या अंगाला उभे राहण्याचा अनुभव माझ्यापेक्षा माझ्या पत्नीस अधिक आहे, हे मला त्या रविवारी कळले. बदलीचा प्रत्येक हुकूम माझ्या नावे आला आणि तिच्यावर बजावला गेला.

राहिली वाटणी. ती आम्ही तिघांनी जेवणाच्या मेजावर केली, मुलीसह. तिला आधी विचारावे हा आग्रह पत्नीचा. मुलीची रक्कम मुलीच्या नावाने वेगळी काढली. तिला कोणी हात लावणार नाही. पत्नीचे शुल्क माझ्या वेतनातून. माझी येथली मुदत संपून बदली झाली, तर मी एकटा जाईन आणि त्या दोघी अभ्यास संपेपर्यंत येथे राहतील. हे कलम लिहिताना माझा हात क्षणभर थांबला, आणि तो थांबलेला दोघींनी पाहिला. माझ्या कायद्याच्या अभ्यासाचे काय, असे मुलीने विचारले. निवृत्तीस अजून चौदा वर्षे आहेत. साठीनंतरही वयाची मर्यादा आड येऊ नये असे आजचे न्यायालयीन चित्र आहे. तोवर घरात एक वकील असेल, तिच्याकडे उमेदवारी करता येईल.

"पण आई वकील झाली की तिची कमाई कुणाची?" मुलगी म्हणाली.

"ते जयकरांना विचार," पत्नी म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिने सांगलीस माझ्या धाकट्या भावास फोन केला. माळ्यावर लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात तळाशी, शालूच्या खाली, शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिका एका तपकिरी पाकिटात आहेत. दुसऱ्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही लागेल, त्यासाठी कोल्हापुरास एक खेप करावी लागेल, जमेल ना भाऊजी? कागद रजिस्टर टपालाने पाठवा, आणि कडा फाटल्या असल्या तरी चिकटपट्टी लावू नका. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो. पलीकडून भाऊ बहुधा विचारीत असावा, की दादा कोणता अभ्यास करतोय, कारण ती म्हणाली, "नाही हो, माझ्या आहेत. माझं नाव नीट वाचून घ्या, माहेरचं आहे त्यावर."